पंपापासून चौकापर्यंत

"वैजू, एक विचारायचं होतं," बापूकाका म्हणाले, "पण आता विचारावं का नको, तेच कळंना झालंय."

सकाळचे आठ वाजले होते. अंगणात माझा चुलतभाऊ प्रमोद आणि शेजारचे दोघे तिरडीचे बांबू बांधत होते. अण्णा ओटीवर होते, आदल्या संध्याकाळपासून. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. बसलं की उठावंसं वाटत होतं आणि उठलं की कुठं जायचं ते सुचत नव्हतं.

"विचारा ना."

बापूकाकांनी टोपी काढून हातात घेतली. बापूराव मेटकरींचं चौकात सायकलींचं दुकान होतं. एकोणीस वर्षं ते आमच्या आंबेसरीच्या बाह्यवळण रस्ता कृती समितीचे चिटणीस होते. अध्यक्ष माझे वडील, अण्णा.

"अण्णांना चौकातनंच न्यायचं. विसावा तिथंच हाय. म्हणलं, आज तिथनं लगेच उचलायचं नाही. प्रांतसाहेबांनी येऊन मोजणीची तारीख लिहून द्यायची, मगच उचलायचं."

घरापासून नदीपर्यंतच्या वाटेवर तिरडी एकदा खाली टेकवतात. पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात आणि पुन्हा उचलतात. मिनिटभराचं काम. आमच्या गावात ही विसाव्याची जागा पूर्वी वेशीबाहेर एका वडाखाली होती. वड रस्ता रुंद करताना गेला, गाव वाढत वाढत पुढे सरकलं, आणि ती जागा भर चौकात, राज्य महामार्गाच्या मधोमध आली. तरी जागा कुणी बदलली नाही. त्यामुळे आंबेसरीत कुणी गेलं की महामार्ग मिनिटभर थांबतो, आणि कारखान्याचा हंगाम असला तर त्या एका मिनिटाची कोंडी फुटायला अर्धा तास लागतो. तेव्हा जानेवारी होता. हंगाम ऐन भरात होता.

आत्या आतून चहाचा कप घेऊन आली होती. तो तिनं बापूकाकांना दिला नाही.

"काय म्हणालास? माझ्या भावाला रस्त्यात ठेवून मोर्चा काढतोस?"

"मोर्चा न्हाई, आत्या. थांबायचं फक्त."

"लाज वाटते का तुला?"

"वाटती," बापूकाका म्हणाले. "पर एकोणीस वर्षं निवेदनं दिली. तीन प्रांत बदलून गेले, चौथा आलाय. अण्णा स्वतः त्यांच्या दारात चौदा वेळा गेले. आज अण्णांच्या दारात त्यांनी एकदा यावं, एवढंच हाय माझं."

"किती वेळ?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"अर्धा तास. लई झालं तर."

"ठेवा."

"वैजू!" आत्या म्हणाली.

"ठेवू दे, आत्या."

मी इतक्या पटकन हो का म्हणाले, हे तिला समजलं नाही. बापूकाकांना वाटलं, लेक बापासारखी निघाली. त्यांचे डोळे भरून आले आणि ते तसेच अंगणात जाऊन बांबूची दोरी ओढायला लागले.

अण्णा एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गावात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम केलं. रोज दुपारी बापूकाकांच्या दुकानापुढे स्टूल टाकून बसायचं आणि कुठली गाडी चौकात किती वेळ अडकली ते लिहून ठेवायचं. बायपासची फाईल हलवायला आकडे लागतात, असं ते म्हणत. आणि आकडा फुगवलेला त्यांना खपत नसे. एकदा बापूकाकांनी अठ्ठावीस मिनिटांची तीस केली, तर अण्णा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. चार किलोमीटरचा तो रस्ता मंजूर झाला तेव्हा मी बारावीत होते. कोनशिलासुद्धा बसली होती. पुढे मी पुण्याला गेले, कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, चाळिशीला आले. कोनशिलेच्या सावलीला शेळ्या बसत.

साडेनऊला आम्ही निघालो. मडकं मी धरलं. प्रमोद मध्ये काही बोलू पाहत होता, पण आत्यानंच त्याला गप्प केलं. "तिचा एकटीचाच आहे तो बाप. तीच धरेल." मडक्यात दोन गोवऱ्यांचा विस्तव होता. घरातून निघालेला हा विस्तव नदीपर्यंत जिवंत राहायला हवा, विझला तर पुन्हा घरी येऊन न्यावा लागतो, हे मला भटजींनी दोनदा बजावलं.

चौक घरापासून दोन मिनिटांवर. तिरडी खाली टेकवली. पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले. आणि कुणीच वाकलं नाही.

सुरुवातीला कुणाच्या ते लक्षात आलं नाही. एक टेम्पो, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, एक एसटी. सगळे मिनिटभर थांबायच्या तयारीनं थांबले. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं आणि डोक्याचा रुमाल सोडला. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. मागून हॉर्न यायला लागले.

"कोण गेलंय?" एसटीतून कुणीतरी विचारलं.

"कंट्रोलर."

"अरारा. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या की माणसानं."

"म्हणून तर आज धरून ठेवल्यात," ट्रॅक्टरवाला म्हणाला, आणि लगेच जीभ चावून माझ्याकडे बघत राहिला. मला हसू आलं असतं. अण्णांना नक्की आलं असतं.

बापूकाका दुकानाच्या पायरीवर चढले. त्यांना भाषण येत नसे. समितीच्या सभेत ते सतरंज्या घालत आणि आभार मानत. पण त्या दिवशी ते बोलले, आणि सगळा चौक ऐकत राहिला.

"काल दुपारी चार दहाला पुण्याची गाडी पेट्रोल पंपाशी उभी राहिली. किती वेळ? बावन्न मिनिटं! मी स्वतः लिहिलंय. आत कोण होतं? अण्णांची एकुलती एक लेक. इकडं बापाचा जीव दाराकडं लागलेला, आणि तिकडं लेक गाडीत. उतरावं म्हणलं, तर दोन्ही अंगाला उसाच्या ट्रॉल्या चिकटलेल्या. दार उघडायला जागा न्हाई! बाप गेला. लेक पोचली अर्ध्या तासानं. आता सांगा, हा रस्ता पाहिजे का नको?"

"पाहिजे!" चौक म्हणाला. एसटीतूनही आवाज आला.

मी मडक्याकडे बघत होते. दाराबद्दल मी बापूकाकांना काही सांगितलं नव्हतं. गाडी पंपाशी अडकली, एवढंच म्हणाले होते.

दहा वाजले. सव्वादहा झाले. ऊन तिरडीवर आलं. प्रमोदनं कुठूनतरी दोन छत्र्या आणल्या आणि आळीपाळीनं माणसं छत्री धरून उभी राहिली. तापलेल्या इंजिनांचा वास, उसाचा आंबूस वास, उदबत्त्यांचा वास. मी उभी राहायचे, चार पावलं जायचे, परत यायचे. अण्णांच्या पायांवरची चादर वाऱ्यानं सरकत होती. ती नीट करायचे आणि पुन्हा चालायला लागायचे.

"अर्धा तास म्हणाला होतात, काका."

"निघालेत. साडेनऊलाच निघालेत. मी फोन केला होता."

"मग कुठं आहेत?"

बापूकाकांनी पुन्हा फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा असा झाला, की मी जवळ गेले.

"काय झालं?"

"साहेबांची जीप अडकलीया."

"कुठं?"

"कारखाना फाट्याच्या अलीकडं. कोंडीत."

"कुठल्या कोंडीत?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. चौकापासून पेट्रोल पंपापर्यंत आणि पंपापासून पुढे दिसेनाशी होईपर्यंत वाहनं एकाला एक लागून उभी होती. तालुक्याहून आंबेसरीत यायला हा एकच रस्ता. एकोणीस वर्षं समितीनं प्रत्येक निवेदनात हेच वाक्य पहिलं लिहिलं होतं. आणि प्रांतांना बोलावून तोच रस्ता आम्ही अडवून धरला होता.

"आपल्या ध्यानातच आलं न्हाई की गं," बापूकाका म्हणाले. ते खरोखरच गोंधळले होते. "अण्णा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, साहेब येणार कुठनं म्हणून."

फौजदार बराच वेळ लांब उभे होते. आता जवळ आले.

"मेटकरी, उरका आता. मयताची विटंबना होतेय."

"गाड्या सोडा की मग एका बाजूनं. साहेब येतील."

"एका बाजूनं सोडायला बाजू आहे का? दुकानं बघा, हातगाडे बघा. तुम्ही यांना उचला, मग कोंडी फुटेल, मग साहेब येतील."

"उचललं की साहेब परत जातील."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा. तुमचे वडील आहेत."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मडक्यातून धूर यायचा थांबला होता. मी फुंकर घातली. राखेखाली दोनच ठिकाणी लाल दिसलं.

"अजून थोडं थांबू," मी म्हणाले.

एसटीतून एक बाई ओरडली, "अवं, माझं लेकरू उन्हानं तापलंय!" एक म्हातारा खिडकीतून म्हणाला, "मेल्याला घाई नाय, जित्याला हाय!" कुणीतरी त्याला दटावलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. थांबायचं, एवढंच मला कळत होतं. माझ्यामुळे अण्णांना जे मिळालं नाही, त्याच्या बदल्यात आज काहीतरी मिळायलाच हवं होतं. त्यांच्या रस्त्याचा कागद, निदान तारीख.

तेवढ्यात गर्दीतून आत्या आली. आमच्याकडे बायका विसाव्यापर्यंतही येत नाहीत. सत्तरीची आत्या अनवाणी, पदर डोक्यावरून, हातात कापडी पिशवी घेऊन महामार्गावरून सरळ चालत आली. बापूकाका दोन पावलं मागे सरले.

तिनं आधी भावाकडे पाहिलं. चादरीवरची धूळ झटकली. मग माझ्याजवळ बसली, पिशवीतून दोन गोवऱ्या काढल्या, एक मोडली आणि तुकडे विस्तवाभोवती रचले.

"एवढीच फुंकर घालतेस होय? हळू. सारखी."

"आत्या, अजून उशीर लागणार आहे."

"ते दिसतंय." ती धुरानं डोळे पुसत म्हणाली. "दुसरी ठेव जवळ. ही अर्ध्या तासाच्या वर जायची नाही. बापू!"

"जी."

"आता लिहून न घेता उचललंस, तर माझ्या दारात यायचं नाही."

साडेअकराच्या सुमारास पंपाच्या बाजूनं माणसं बाजूला व्हायला लागली. उसाच्या ट्रॉल्यांमधून अंग चोरत एक पस्तिशीचा माणूस येत होता. मागे शिपाई. दोघांच्याही बुटांवर पांढरी धूळ. पँटला ग्रीस लागलं होतं. प्रांतसाहेब हेच, हे बापूकाकांनी वाकून नमस्कार केला तेव्हा कळलं.

त्यांनी बूट काढले, शिपायाच्या हातातला हार घेऊन अण्णांच्या पायांशी ठेवला, हात जोडून उभे राहिले. मग बापूकाकांच्या दुकानात गेले, स्टुलावर बसले आणि कागद मागितला. मोजणी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला. सही केली, खाली नाव लिहिलं. कागद हातात आला तेव्हा बापूकाका तो वाचू शकले नाहीत. त्यांनी तो प्रमोदला दिला. प्रमोदनं मोठ्यानं वाचला आणि चौकात टाळ्या वाजल्या. मग मयतापुढे टाळ्या वाजवल्या हे लक्षात येऊन लोक एकदम थांबले.

"मॅडम, जरा आत येता?" प्रांत म्हणाले.

मी मडकं आत्याजवळ ठेवलं आणि दुकानात गेले. आत रबराचा वास होता. बाहेरच्या गोंगाटानंतर तिथं फार शांत वाटलं.

"तुमचंही एक निवेदन सोबत जोडतो. दोन ओळींचं. खरं सांगतो, आकडे वर कुणी वाचत नाही. असं काही जोडलेलं असलं की फाईल हलते." त्यांनी दुसरा कागद घेतला. "पुण्याहून येताना तुमची गाडी पेट्रोल पंपाशी अडकली. बावन्न मिनिटं. बरोबर?"

"हो."

"माझीही जीप शेवटी तिथंच अडकली. फाट्यापासून पंपापर्यंत कडेकडेनं रेटत यायला दीड तास लागला. मग म्हटलं, चालत जाऊ. आठ मिनिटं लागली फक्त." ते लिहीत होते. "ट्रॉल्यांमुळे दार उघडत नव्हतं. म्हणून उतरता आलं नाही. असं मेटकरी म्हणाले. लिहू?"

आमच्या गावचं माणूस पंपाशी अडकलं की गाडीत बसत नाही. पंप आला की कंडक्टर हाक देतो, "आंबेसरीवाले, उतरून घ्या," आणि माणसं पिशव्या उचलून चालू लागतात. गेल्या कित्येक वर्षांत पुण्याची गाडी आमच्या स्टँडवर गावचे उतारू घेऊन फारशी शिरलेली नव्हती. आदल्या दिवशीही कंडक्टरनं हाक दिली. सगळे उतरले. त्यानं माझ्याकडे बघून पुन्हा दिली. माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. मी त्यातली एक ओळही वाचत नव्हते.

सकाळी आत्याचा फोन आला होता, डॉक्टर म्हणतात आता दवाखान्यात नको, तू ये. त्या गाडीत बसून असेपर्यंत अण्णा होते. उतरून घरी पोचले, की जे व्हायचं ते होणार होतं. एवढंच माझ्या डोक्यात होतं, त्याला विचार म्हणता येणार नाही.

आणि अण्णा गेल्याच्या दुसऱ्या पहाटे आत्यानं मला सांगितलं होतं. दुपारी साडेचारला अण्णांनी विचारलं, गाडी कुठं आली. शेजारचा जाऊन बघून आला, म्हणाला, पंपाशी उभी आहे. अण्णा म्हणाले, "मग आलीच. चालत येईल." आणि दाराकडे तोंड करून निजवायला लावलं. दहा मिनिटांनी गेले. आत्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

"मॅडम? लिहू ना?"

"दार उघडं होतं," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं.

"कंडक्टरनं दोनदा हाक दिली. माझ्याखेरीज सगळे उतरले."

प्रांतांनी वर पाहिलं. वयानं माझ्यापेक्षा लहान होते. बाहेर बापूकाका कुणाला तरी तेच दाराचं पुन्हा सांगत होते.

"हे... लिहायचं आहे का?"

"नाही."

"मग काय लिहू?"

"गाडी पेट्रोल पंपाशी बावन्न मिनिटं उभी होती. त्या वेळात माझे वडील गेले. एवढंच लिहा. एवढं खरं आहे."

त्यांनी तेवढंच लिहिलं. मी सही केली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं ते दाराचंच. मी ते दुरुस्त केलं नाही, बापूकाका गेले तोवर त्यांनाही सांगितलं नाही. मोजणी वीस तारखेला झाली नाही, सात महिन्यांनी झाली. रस्त्याला आणखी चार वर्षं गेली. पण झाला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा माणसं तिरडीच्या चारही बाजूंना जाऊन उभी राहिली होती. आत्या मडकं धरून बसली होती, विस्तव चांगला फुलला होता. प्रांतांनी बूट घातले नाहीत, तसेच माझ्याबरोबर चार पावलं आले.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या जागी मीसुद्धा बसूनच राहिलो असतो."

"तुम्ही उतरलात," मी म्हणाले.

मग आत्याच्या हातून मडकं घेतलं आणि बापूकाकांना म्हटलं, "उचला, काका."